पाळणाघर, आठवड्याने येणारं पाणी आणि कापडी डायपर: अर्धं-अर्धं जमतं का?

वाळूजवाली_आई

नमस्कार मंडळी. इथं नुसतीच वाचक होते, आता अडलंय म्हणून पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मुलगी साडेसात महिन्यांची आहे. २६ आठवड्यांची रजा संपली, त्यावर साठवलेली सुट्टी जोडली, तीही आता संपत आली. पुढच्या महिन्यापासून मी वाळूजला कंपनीत आणि ती संभाजीनगरच्या सिडकोतल्या पाळणाघरात, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा.

आतापर्यंत घरात बाळोतीच वापरली. सासूबाई गंगाखेडहून येताना सासऱ्यांच्या जुन्या धोतरांची शिवून घेऊन आल्या होत्या. इतकी मऊ, की विकतचं कापड हातात घेववत नाही. शिवाय बटणांचे तीन कापडी डायपर भेट आलेत, आत पट्टी सरकवायचे. रात्री आणि बाहेर जाताना वापरून फेकायचे. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

पाळणाघराच्या ताई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "कापडी चालत नाही आमच्याकडं, पाकिटावर नाव टाकून देत जा." मी जरा लावून धरल्यावर म्हणाल्या, "बघू, पण आधी मला दाखवा कसलं आहे ते."

आता अडचणी. नळाला आमच्याकडं आठवड्याच्या अंतरानं पाणी येतं, कधी त्याहून उशिरा. बाकी सगळं बोअरवर, आणि बोअरचं पाणी असं की गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसलाय. दिवसभराची ओली बाळोती संध्याकाळी घरी आणून धुवायची, का पाळणाघरात फेकायचे डायपर द्यायचे आणि घरी कापडी वापरायची? असं अर्धं-अर्धं कोणी केलंय का? लेकराला त्रास होतो का अशा अदलाबदलीचा?

एक विनंती. "आमच्या वेळी कुठं होते डायपर" हा प्रतिसाद सासूबाईंकडून रोज मिळतो, तेव्हा तो सोडून लिहा :)

लेकुरवाळी_नांदेड

केलंय, दोन लेकरांना केलंय. माझं साधं मत: पाळणाघरात फेकायचे, घरी कापडी. उलटं करायला जाऊ नका.

बाळोतं धुण्याचं काम खरं तर जडच नाही. जड जातं ते ओलं बाळोतं दहा तास बंद पिशवीत ठेवून मग धुणं. घरी लेकरानं शू केली की तिथल्या तिथं खळबळून टाकता येतं. पाळणाघरातून आलेली पिशवी संध्याकाळी सातला उघडली की नाकाला पदर लागतो, त्यात मे महिना असेल तर बघायलाच नको. तुम्ही दमून आलेल्या, लेकरू मांडीवरून उतरायला तयार नाही, कुकर लावायचाय. अशा वेळी ती पिशवी नहाणीत पडून राहते, दुसऱ्या दिवशी दोन होतात, आणि तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतं जाऊ दे हे कापडाचं.

तरी हिशोब बघा. दिवसभर फेकायचेच वापरले तर सहा-सात लागतात. संध्याकाळी, सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कापडी घातली तर निम्मे वाचतात. एक डायपर दहा-बारा रुपयांना पडतो, महिन्याचं तुम्हीच काढा.

अदलाबदलीचा त्रास काही होत नाही. फक्त कापडीत ओल लगेच लागते, म्हणून लेकरू कुरकुरतं. तेवढं चांगलंच आहे, कळतं तरी.

मांजराकाठ

लातूरहून. माझं मोठं लेकरू २०१६ च्या उन्हाळ्यातलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तो उन्हाळा. धनेगावचं धरण कोरडं, घागरी मोजून घ्यायच्या. तेव्हा आईनं बांधून दिलेलं बाळोत्यांचं गाठोडं मी उघडलंसुद्धा नाही. सगळं फेकायचं वापरलं आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. पुण्या-मुंबईचे लोक कापडी डायपर पर्यावरणाला चांगले म्हणून सांगतात, त्यांच्या नळाला रोज पाणी असतं.

धाकट्याच्या वेळी पाऊसपाणी बरं होतं, मग कापडी वापरली. म्हणजे आपल्या भागात हा निर्णय एकदाच घेऊन चालत नाही. जूनमध्ये वेगळा, मार्चमध्ये वेगळा. पाण्याच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कापडी, टाकी तळाला गेली की फेकायचे, असं केलं तरी काय बिघडतं? वरून कपडे टाकायच्या मशीनला एका पूर्ण फेरीत शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं, तेवढ्यात दोघांच्या आंघोळी होतात. हातानं धुतलं तर त्याच्या निम्म्यात भागतं.

दहा_लेकरांची_माय

मी परभणीत पाळणाघर चालवते. आईलोक आमच्याबद्दल बोलतात, आमच्याशी बोलत नाहीत, म्हणून जरा लांबलचक लिहायलेय.

आम्ही "चालत नाही" का म्हणतो ते सांगते. माझ्याकडं दहा लेकरं आणि आम्ही दोघी. त्यातली पाच लंगोटातली. एकीनं शी केली की दुसरं लगेच रडतं, तिसऱ्याला भूक. त्या गडबडीत घडी कशी घालायची, पट्टी कुठून सरकवायची, नाडी कुठं बांधायची हे बघायला वेळ नसतो. आणि प्रत्येक आईचं कापड वेगळं. एकीचं चौकोनी, एकीचं बटणाचं, एकीचं वेल्क्रोचं. फेकायच्याला दोन चिकटपट्ट्या, संपलं काम. दुसरं म्हणजे हात. शी झालेलं कापड जितकं हाताळाल तितका घाणीचा संसर्ग दुसऱ्या लेकरापर्यंत जायची भीती. एकाला जुलाब लागले की चार दिवसांत पाचही जणांना लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून शी झालेलं कापड आम्ही धुणार नाही, खळबळणार नाही, यावर मी ठाम आहे.

पण माझ्याकडं दोन लेकरं कापडी घालून येतात. त्यांच्या आयांनी काय केलंय ते सांगते.

एकीनं सगळे डायपर घरूनच पट्ट्या भरून, लावायला तयार करून द्यायला सुरुवात केली. मला फक्त उचलायचं आणि घालायचं. बटणाच्या डायपरला पोटावर बटणांची रांगच असते, कुठलं लावायचं हे दर वेळी शोधावं लागतं. तिनं तिच्या लेकराला बसतं त्या दोन बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. ठिपका बघायचा, टिच्च करून लावायचं. आमच्या मदतनीस मावशीला अक्षरओळख नाही, पण ठिपक्याला चुकत नाही. लेकरू वाढलं की ती जुना ठिपका पुसते आणि शेजारच्या बटणावर नवा देते.

दुसरीनं मेणकापडाचं अस्तर लावलेली चेनची पिशवी शिवून घेतली. ती लेकराच्या खुंटीला असते. ओलं झालेलं तसंच गुंडाळून आत टाकायचं, चेन बंद. संध्याकाळी लेकरू आणि पिशवी एकदम न्यायची. "उद्या नेते" चालत नाही. एकदा राहिली तर मी फोन करते.

आणि दोघींच्याही खणात फेकायच्याचं एक पाकीट कायम असतं. ज्या दिवशी लेकराचं पोट बिघडलंय किंवा आमची एक बाई आली नाही, त्या दिवशी मी न विचारता तेच वापरते. त्यावर कुरकुर करायची नाही हे आधीच ठरलंय. वाळूजवाल्या ताई, तुमच्या पाळणाघरवाल्या "दाखवा" म्हणाल्यात ना, मग निम्मं काम झालं. जाताना धोतराची बाळोती नेऊ नका, बटणाचे तीन न्या, भरून न्या, आणि त्यांच्यासमोर एकदा घालून दाखवा. शनिवारी जा, शनिवारी लेकरं कमी असतात.

कापडी ओलं झालं की लगेच बदलावं लागतं, दोन-अडीच तासांच्या वर ठेवता येत नाही. फेकायचा असेल तर आम्हीही जरा ढिलाई करतो, खोटं कशाला बोलू. तेव्हा कापडी दिलंत तर बदलायचं काम वाढवताय हे लक्षात ठेवून बोला. वर थोडे पैसे देऊ केले तर कुणी नाही म्हणत नाही.

लेकुरवाळी_नांदेड

@दहा_लेकरांची_माय, नेलपॉलिशला सलाम. माझं "उलटं करायला जाऊ नका" मागे घेत नाही, पण तुमच्यासारख्या बाई असतील तर गोष्ट वेगळी.

कायदेपंडित_हिंगोली

जरा अवांतर. वाळूजला कंपनीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या सुधारणेपासून बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. एचआरला विचारलंत का? कंपनीचं असेल तर बाळोतं स्वतःच बदलता येईल.

वाळूजवाली_आई

विचारलं. "प्रक्रिया सुरू आहे" हे उत्तर मिळालं. लेक शाळेत जाईपर्यंत सुरूच राहील असं दिसतंय. तोपर्यंत सिडको.

परिचारिका_ताई

बालरोग विभागात काम करते, म्हणून त्वचेचं तेवढं लिहिते.

पुरळ कापडानंही येतं आणि फेकायच्या डायपरनंही. मूळ कारण ओल, शी आणि घर्षण. फेकायचा कोरडा वाटतो म्हणून तासन्तास ठेवला जातो. कापडी लगेच ओलं लागतं, पण न बदललं तर त्वचा जास्त लवकर सोलवटते. कुठलंही असो, बदलताना साध्या पाण्यानं पुसून, थोडा वेळ उघडं ठेवून, कोरडं झाल्यावरच दुसरं घाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरी असताना दुपारी तासभर मोकळंच राहू द्या, खाली दुपटं टाका. टाल्कम पावडर लावू नका, ती लेकराच्या श्वासात जाते.

झिंक ऑक्साइडचं मलम लावलं असेल तर ते कापडावर बसतं आणि मग कापड पाणी शोषत नाही. त्या दिवसांत आत मऊ सुती फडक्याची एक घडी टाका किंवा सरळ फेकायचे वापरा.

पुरळ जांघेच्या वळ्यांत असेल, लालभडक असेल आणि कडेनं बारीक पुटकुळ्या असतील तर ते बुरशीचं असू शकतं. त्यावर खोबरेल लावून वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तोवर सुती बाळोती उकळून कडक उन्हात वाळवा. बाहेरचं प्लास्टिकच्या अस्तराचं कव्हर मात्र उकळायचं नाही, अस्तर सुटतं.

पाळणाघरात तुमच्या लेकराचं मलम वेगळं, नाव टाकून द्या. एकाच डबीत सगळ्यांसाठी बोटं जातात, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

जालन्याचा_बाप

आमच्या घरी धुण्याचं खातं माझ्याकडं आहे, त्यामुळं बोअरच्या पाण्यावर बोलायचा हक्क बजावतो.

जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. साबण आणि क्षार मिळून एक चिकट थर होतो, तो कापडात बसतो. महिनाभरात सोकर, म्हणजे आतल्या शोषायच्या पट्ट्या, पापडासारखे कडक होतात, पाणी वरून ओघळतं, आणि लेकरानं शू केली की डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा भपका. लोकांना वाटतं साबण जास्त झाला, म्हणून आणखी कमी टाकतात. जड पाण्यात साबण कमी पडलेला असतो. पावडर नेहमीपेक्षा थोडी जास्त घ्या आणि सोबत धुण्याचा सोडा एक-दोन चमचे टाका. खायचा नाही, धुण्याचा. कपडे मऊ करायचं सुगंधी पाणी अजिबात टाकू नका, त्यानं कापडाची शोषायची ताकद जाते.

आमची पद्धत अशी. पहिली खळबळ बोअरच्या पाण्यात, नुसती शू काढायला. मुख्य धुणं नळाच्या पाण्यात, ते साठवलेलं असतं. शेवटचं पाणी जमलं तर नळाचंच. ते निथळलेलं पाणी बादलीत धरून संडासात टाकायला. झाडांना लोक टाकतात, भाजीपाल्याला तरी टाकू नये. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात धरतो, ते मऊ असतं, त्या दिवसांत कापड वेगळंच लागतं हाताला.

रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची गरज नाही. शी असेल तर संडासाच्या जेटनं उडवून टाकायची, बाकी कोरड्या बादलीत टाकून ठेवायचं. झाकण घट्ट लावू नका, हवा लागू द्या. दोन दिवसांच्या वर साठवू नका. सोकर उन्हात, कव्हर सावलीत. मेच्या उन्हात कव्हर तारेवर टाकलं तर इलास्टिक ढिलं पडतं आणि मांडीतून गळायला लागतं. नवीन सुती सोकर पहिल्या दिवसापासून नीट शोषत नाहीत, चार-पाच धुण्यांनंतर खुलतात. ते न धुता पाळणाघरात दिले तर गळतील, आणि ताई म्हणतील "बघा, मी म्हटलं होतं ना".

आणि अर्धं-अर्धं करणाऱ्यांसाठी खास सूचना. घरात दोन्ही प्रकार असले की एक दिवस फेकायचा डायपर कपड्यांबरोबर मशीनमध्ये जातोच. आमच्याकडं मेव्हण्यानं हे पुण्यकर्म केलं. आतली पावडर पाणी शोषून फुगते, डायपर फाटतो आणि मशीनभर साबुदाण्यासारखी जेली. शर्टाच्या खिशातसुद्धा. घाबरून परत धुवायला लावू नका, आणखी फुगते. कपडे झटकून उन्हात वाळवा, कोरडी झाली की झडते. मशीन आतून पुसून घ्या आणि मूठभर मीठ टाकून रिकामी फेरी मारा, मिठानं ती जेली पाणी सोडते.

शेंगदाण्याची_पोळी

जेली वाचून घरातले जागे झाले एवढी हसले. मेव्हण्याचं नाव निदान गुप्त ठेवलंत.

फेकायच्या डायपरचं पुढं काय, हेही कुणीतरी लिहा. गावाकडं आमच्या उकिरड्यावर टाकतात, कुत्री ओढून दारात आणतात. काही जण जाळतात, तो वास आणि तो धूर.

कायदेपंडित_हिंगोली

२०१६ च्या घनकचरा नियमांत स्पष्ट होतं. डायपर नीट गुंडाळून द्यायचा. पिशवी डायपरच्या कंपनीनं द्यावी असंही त्यात होतं, ती कुणाला मिळाली असेल तर कळवा. गुंडाळलेला डायपर ओल्या कचऱ्यात टाकायचा नाही. आधी आतली शी संडासात टाका. घंटागाडीवाला हातानं कचरा निवडतो हे लक्षात ठेवलं तरी पुरे. जाळू नका, संडासात टाकू नका, ती पावडर तिथंही फुगतेच.

बीडची_आज्जी

"आमच्या वेळी" लिहायचं नाही म्हणलीस म्हणून लिहीत नाही. पण एक सांगते माय, साडेसात महिन्याचं लेकरू बसायला लागलं असंल तर त्याला झोपेतून उठल्या उठल्या आन पाजल्यावर पायावर बसवून शी-शी म्हणायचं. आम्ही दोन पाय लांब करायचो, त्यावर लेकराला बसवायचो. दहा वेळा बसवलं की चार वेळा तरी होतं. सकाळची शी घरीच झाली तर पाळणाघरातल्या बाईचं निम्मं काम कमी झालं. मग तीबी कापडाला नाही म्हणणार नाही. बळजबरी करू नको, लेकरू अंग ताणायला लागलं की सोडून द्यायचं.

सासूनं धोतराची शिवून दिलीत ना, ती जपून ठेव. आता असलं धोतर मिळत नाही.

वाळूजवाली_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाळणाघर सुरू झालं, म्हणून कळवतेय.

शनिवारी गेले, तिन्ही डायपर भरून, नेलपॉलिशचे ठिपके देऊन. ताईंनी स्वतःच एक घालून बघितला, टिच्च झाल्यावर म्हणाल्या, "हे होय, मला वाटलं नाडीचं असंल." तीन कापडी सकाळच्या वेळेला, दुपारच्या झोपेपासून फेकायचे, असं त्यांनीच ठरवलं. झोपेत गळलं तर गादी त्यांना धुवावी लागते, हे मला सुचलंच नव्हतं. पोट बिघडलं की दिवसभर फेकायचे. टाकी तळाला गेली की मीच पाकीट जास्तीचं देते आणि कापडी देत नाही, त्यांना कारण सांगावंसुद्धा लागत नाही, त्यांच्या नळालाही त्याच दिवशी पाणी येतं.

पायावर बसवणं सासूबाईंना वाचून दाखवलं. "मी काय वेगळं सांगत होते का?" एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. कधी होतं, कधी नाही. धोतराची बाळोती घरी संध्याकाळी आणि रविवारी, त्यांच्याच देखरेखीखाली.

नवऱ्याला @जालन्याचा_बाप यांचा प्रतिसाद वाचायला दिलाय. धुण्याच्या सोड्याचा पुडा आणलाय, खातं अजून माझ्याकडंच आहे.

एक प्रश्न राहिला. श्रावणात सोकर वाळत नाहीत तेव्हा काय करता? घरात वाळवले की कुबट वास येतो.

जालन्याचा_बाप

जाड सोकर एकावर एक शिवलेला असेल तर तो दोन दिवस वाळत नाही. पावसाळ्यात ते ठेवून द्या आणि धोतराचंच मोठं चौकोनी फडकं घडी करून कव्हरमध्ये सरकवा. धुतल्यावर घडी उलगडली की पंख्याखाली रात्रीतून वाळतं. मशीनमध्ये नुसतं पिळायची फेरी दोनदा फिरवा, निम्मी ओल तिथंच जाते.

नवऱ्याला सांगा, सोड्याचा पुडा आणला म्हणजे खातं घेतलं असं होत नाही.

दहा_लेकरांची_माय

फडकं कव्हरमध्ये सरकवून दिलं तरी आम्हाला चालतं, फक्त घरून भरून द्या. आणि तीनच कव्हरवर पावसाळा निघायचा नाही, अजून दोन घ्या. जांघेत दुहेरी इलास्टिक असलेलं घ्या, रांगायला लागल्यावर साधं मांडीतून गळतं.